क्रियापदं मोजा, मग परिच्छेद बांधा

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांचे इंग्रजी परिच्छेद तपासताना एक गोष्ट सारखी समोर येते. दहावी-बारावीच्या पेपरातले ‘डू ॲज डायरेक्टेड’चे प्रश्न ज्यांनी बिनचूक सोडवलेले असतात, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह आणि डायरेक्टचं इनडायरेक्ट ज्यांना झोपेतून उठवलं तरी करता येतं, त्यांचाच परिच्छेद वाचताना दर दोन ओळींनी मागे जावं लागतं. स्पेलिंग बरोबर असतं, शब्दही बरे असतात, तरी अर्थ लागायला वेळ जातो. त्या प्रश्नांत वाक्य आयतं मिळतं, फक्त त्याचं रूप पालटायचं असतं. परिच्छेदात मात्र वाक्य कोऱ्या कागदावर उभं करायचं असतं, आणि तिथे डोक्यातली मराठी बांधणी जशीच्या तशी इंग्रजी शब्द पांघरून उतरते.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे आजच्या पदवीच्या विद्यार्थ्याकडे इंग्रजी शब्दांची फारशी वानवा नसते. त्याचं अडतं ते बांधणीत. ही बांधणी नियम पाठ करून हाती येत नाही. एखादा मसुदा घेऊन तो वाक्यागणिक उकलला आणि पुन्हा बांधला की ती येते. इथे तेच करू. खालचा मसुदा लोणार सरोवरावर आहे. नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र याव्यात म्हणून तो मुद्दाम तसा रचला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य वर्गात कधी ना कधी भेटतंच.

“इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट लोणार इज व्हेरी फेमस लेक. लाँग बॅक फ्रॉम स्काय वन बिग स्टोन फेल, ड्यू टू दॅट धिस लेक हॅज फॉर्म्ड. लेक्स वॉटर इज सॉल्टी, इट इज अल्सो अल्कलाइन. इन 2020 जून मंथ वॉटर बिकेम पिंक, पीपल वेअर व्हेरी सरप्राइज्ड. बिकॉज हीट वॉज टू मच सो वॉटर वॉज रिड्यूस्ड अँड दॅट्स व्हाय बॅक्टेरिया व्हिच लाइक सॉल्ट केम. लुकिंग फ्रॉम अबव्ह, द लेक लुक्स लाइक अ बोल. वी शुड सेव्ह अवर लेक्स.”

यातली माहिती बहुतेक खरी आहे. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी खरोखरच गुलाबी झालं होतं. पण हा परिच्छेद वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

पहिलं काम क्रियापदं शोधण्याचं. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यातल्या काळ दाखवणाऱ्या क्रियापदाखाली रेघ मारा. ‘इज’, ‘फेल’, ‘हॅज फॉर्म्ड’, ‘बिकेम’, ‘वॉज रिड्यूस्ड’ ही सगळी त्यात येतात. ‘हॅज फॉर्म्ड’ दोन शब्दांचं असलं तरी क्रियापद एकच धरायचं. एकटं ‘लुकिंग’, एकटं ‘टू सेव्ह’ ही काळ दाखवत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली रेघ नाही. आता प्रत्येक वाक्यात क्रियापदांना जोडणारे शब्द किती आहेत ते मोजा: ‘अँड’, ‘बट’, ‘सो’, ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’, ‘इफ’, ‘दो’, ‘दॅट’, ‘व्हिच’, ‘हू’. जोडणारे शब्द क्रियापदांपेक्षा बरोबर एकाने कमी हवेत. एक क्रियापद असेल तर जोडणारा शब्द नको, दोन असतील तर एक, तीन असतील तर दोन. दोन नामं किंवा दोन विशेषणं जोडणारा ‘अँड’ या हिशेबात धरायचा नाही. अर्धविराम मात्र एका जोडणाऱ्या शब्दाच्या बरोबरीचा मानायचा. ‘आय थिंक ही केम’ अशा वाक्यात ‘दॅट’ लपलेला असतो, तोही धरायचा.

हा हिशेब आम्ही सगळ्यांत आधी शिकवतो. व्याकरणाची एकही व्याख्या न येणाऱ्यालाही तो जमतो, आणि निम्म्याहून जास्त बांधणीच्या चुका त्यातच सापडतात.

मसुद्याला लावून पाहा. सात वाक्यांपैकी दुसऱ्यात क्रियापदं दोन, जोडणारा शब्द एकही नाही. ‘ड्यू टू’ वाक्यं जोडत नाही. त्याच्यापुढे नाम किंवा सर्वनाम येतं, आणि इथला ‘दॅट’ हे तसंच सर्वनाम आहे, जोडणारा शब्द नव्हे. तिसऱ्या वाक्यात दोन क्रियापदं आणि शून्य, चौथ्यातही तेच. पाचव्यात ‘वॉज’, ‘वॉज रिड्यूस्ड’, ‘दॅट्स’मधला ‘इज’, ‘लाइक’ आणि ‘केम’ अशी पाच क्रियापदं, आणि ‘बिकॉज’, ‘सो’, ‘अँड’, ‘व्हाय’, ‘व्हिच’ असे पाच जोडणारे. चार हवे होते, एक जास्त झाला. म्हणजे सातातली चार वाक्यं बांधणीतच कोसळतात, आणि तेही दोन उलट्या दिशांनी: तीन ठिकाणी जोड कमी पडली, एका ठिकाणी जास्त झाली.

या दोन्ही चुकांचं मूळ मराठीच्या चांगल्या सवयींत आहे, म्हणूनच त्या सहजासहजी सुटत नाहीत. मराठीत ‘पाणी खारट आहे, ते अल्कधर्मीही आहे’ असं मधे स्वल्पविराम देऊन लिहिलं तर कोणाला खटकत नाही. मराठी वाक्य बहुतेक वेळा क्रियापदाने संपतं, त्यामुळे ‘आहे’ आलं की एक विधान पुरं झालं हे कानाला कळतं, चिन्ह कोणतंही असो. मोडीत लिहिलेल्या जुन्या कागदांत तर विरामचिन्हं नसतातच, शब्दही एकमेकांना चिकटून लिहिलेले असतात, तरी सरावाची माणसं ते वाचत. मराठीत विरामचिन्हं रुळली ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर, आणि त्याचं बरंच श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मधे असतं. पुढे अजून काय काय येणार याचा अंदाज वाचणाऱ्याला शेवटच्या शब्दावरून येत नाही, त्याला पूर्णविरामाची किंवा जोडणाऱ्या शब्दाची खूण लागते. नुसता स्वल्पविराम ही खूण देत नाही. इंग्रजी परीक्षक याला कॉमा स्प्लाइस म्हणतात आणि त्यावर हटकून लाल शाई पडते.

उलट बाजूची चूक जोडीच्या शब्दांमुळे होते. जर–तर, जेव्हा–तेव्हा, जरी–तरी, जो–तो, कारण–म्हणून. मराठीत ही जोडपी मिळून एकच सांधा करतात. इंग्रजीत एका सांध्याला एकच शब्द लागतो. म्हणून ‘दो इट रेन्ड, बट वी वेंट’ चुकतं, ‘बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ चुकतं. दोन्हींतला एक काढायचा. कोणता काढायचा हे परिच्छेदात पुढे काय लिहायचं आहे त्यावर ठरतं, ते पुढे येईल. ‘इफ’बरोबर ‘देन’ आलेला मात्र इंग्रजी चालवून घेते.

एक वेगळा इशारा ‘देअरफोर’, ‘हाउएव्हर’, ‘मोअरओव्हर’ यांच्याबद्दल. हे शब्द दिसायला भारदस्त आहेत, पण वाक्यं जोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. ‘इट वॉज हॉट, देअरफोर द वॉटर लेव्हल फेल’ यात दोन क्रियापदं आहेत आणि हिशेबात जोड शून्य. ‘हॉट’नंतर अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा. ‘मराठीत म्हणून, इंग्रजीत देअरफोर’ असं पाठ केलेलं असतं, त्यामुळे ही चूक पदव्युत्तर प्रबंधातही सापडते.

चूक दुरुस्त करताना घाई करू नका. दोन वाक्यांमध्ये सरसकट ‘अँड’ घातला तर हिशेब जुळतो, परिच्छेद मात्र सपाट होतो. तिसऱ्या वाक्यात खारट आणि अल्कधर्मी ही एकाच पाण्याची दोन विशेषणं आहेत, त्यांच्यासाठी दोन क्रियापदं खर्च करायचं कारणच नाही: ‘इट्स वॉटर इज बोथ सॉल्टी अँड अल्कलाइन.’ चौथ्या वाक्यात लोक चकित झाले ही माहिती परिच्छेदाच्या कामाची नाही, ती सरळ कापता येते. दुसऱ्यात आघात झाला आणि त्यातून विवर तयार झालं, तिथे खरा कार्यकारणसंबंध आहे, म्हणून तिथे नीट सांधा हवा. आधी ठरवायचं की या दोन गोष्टींचं नातं काय आहे, मग त्या नात्याचा शब्द निवडायचा.

दुसरं काम कर्त्याची जागा नक्की करण्याचं. ‘मोऱ्यांनी पाटलांना बोलावलं’ आणि ‘पाटलांना मोऱ्यांनी बोलावलं’ या दोन्हींत बोलावणारे मोरेच. ‘नी’ आणि ‘ना’ हे प्रत्यय प्रत्येकाची ओळख सांगतात, त्यामुळे नावं कुठेही हलवा. इंग्रजीत ‘मोरे कॉल्ड पाटील’ उलटवलं की बोलावणाराच बदलतो. तिथे नामाला प्रत्यय नाही, जागा हीच ओळख. क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची, नंतरची कर्माची. इंग्रजीची सगळी वाक्यरचना या एका गोष्टीवर उभी आहे, आणि मराठी माणसाला मनापासून मान्य करायला सगळ्यात जड जाणारी गोष्टही हीच आहे.

यातून तीन सवयी लावून घ्याव्या लागतात.

कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. मराठीत ‘पोहोचलो. भिजलो होतो.’ एवढं पुरतं, कारण क्रियापदच कर्ता सांगतं. इंग्रजीत प्रत्येक वेळी ‘आय’ किंवा ‘वी’ लागतो, आणि खरा कर्ता नसेल तर नावापुरता बसवावा लागतो. ‘तळ्यात मासे नाहीत’ याचं ‘इन द लेक फिश आर नॉट’ होत नाही. तिथे ‘देअर आर नो फिश इन द लेक’ असं ‘देअर’ला पुढे बसवावं लागतं. ‘तिथपर्यंत चालत जाणं कठीण आहे’ यासाठी ‘इट इज हार्ड टू वॉक देअर’. यातल्या ‘देअर’चा आणि ‘इट’चा अर्थ शोधत बसू नका, ते जागा भरायला आलेले आहेत.

दुसरं, नामाची ओळख सांगणारा लांबलचक मजकूर नामाच्या पुढे नेऊन ठेवायचा. मराठीत आपण ‘अतिशय खारट पाण्यातही टिकून राहणारे सूक्ष्मजीव’ म्हणतो, नाम सगळ्यात शेवटी. याची शब्दशः इंग्रजी ‘इन व्हेरी सॉल्टी वॉटर सर्व्हायव्हिंग मायक्रोब्ज’ अशी होते आणि वाचणारा अडखळतो. इंग्रजीत नाम आधी ठेवायचं: ‘मायक्रोब्ज दॅट सर्व्हाइव्ह इन व्हेरी सॉल्टी वॉटर’. आता यातून नवा धोका निर्माण होतो. हाच लांब तुकडा कर्ता झाला तर क्रियापद फार दूर ढकललं जातं: ‘मायक्रोब्ज दॅट सर्व्हाइव्ह इन व्हेरी सॉल्टी वॉटर लाइक दॅट ऑफ लोणार इन समर वेअर फाउंड.’ ‘वेअर फाउंड’ येईपर्यंत कर्ता विसरलेला असतो. उपाय सोपा आहे, लहान कर्ता पुढे घ्या आणि जड तुकडा शेवटाला जाऊ द्या: ‘सायंटिस्ट्स फाउंड मायक्रोब्ज दॅट सर्व्हाइव्ह इन व्हेरी सॉल्टी वॉटर.’ इंग्रजी वाक्य पुढून हलकं आणि मागून जड असलेलं चांगलं चालतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यात सात-आठ शब्दांपेक्षा जास्त अंतर पडलं की वाक्य उलटून पाहा, असं आम्ही सांगतो. हे व्याकरणातलं माप नव्हे, कामातून बसलेला अंदाज आहे.

वचनाच्या चुकाही इथूनच येतात. ‘सरोवरांतल्या क्षारांची पातळी वाढली’ या वाक्यात ‘पातळी’ हा खरा कर्ता क्रियापदाला खेटून उभा आहे. मराठीत तो बहुधा तसाच उभा असतो, त्यामुळे जवळचं नाम पाहून क्रियापद जुळवायची कानाला सवय असते. इंग्रजीत तोच कर्ता सुरुवातीला जातो: ‘द लेव्हल ऑफ सॉल्ट्स इन द लेक्स…’ आणि क्रियापदाजवळ उरतं ‘लेक्स’. सवयीने ‘वेअर’ लिहिलं जातं. हवं असतं ‘वॉज’. तपासताना ‘ऑफ’ आणि ‘इन’पासूनचा भाग बोटाने झाका, उरलेलं वाचा, चूक लगेच दिसते.

तिसरी सवय ‘-ताना’, ‘-ऊन’ आणि ‘-ल्यावर’ यांच्याबद्दल, आणि इथे जरा थांबावं लागेल. ‘रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला’ हे मराठी वाक्य अगदी निर्दोष आहे. चालणारा मी, चावणारा कुत्रा, कोणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत ‘वॉकिंग ऑन द रोड, अ डॉग बिट मी’ लिहिलं की रस्त्याने चालणारा कुत्रा होतो. सुरुवातीच्या ‘-इंग’च्या तुकड्याचा कर्ता म्हणजे स्वल्पविरामानंतर येणारं पहिलं नाम, असं इंग्रजी वाचक गृहीत धरतो. मराठी असं बंधन घालत नाही. मसुद्यातलं ‘लुकिंग फ्रॉम अबव्ह, द लेक लुक्स लाइक अ बोल’ हे ‘वरून पाहिल्यावर तळं वाटीसारखं दिसतं’चं भाषांतर आहे, आणि त्यात पाहण्याचं काम तळ्याकडे गेलं आहे. तळं पाहत नाही, पाहिलं जातं, म्हणून ‘सीन फ्रॉम अबव्ह, द लेक लुक्स लाइक अ बोल’ हे चालतं. एका शब्दाचा फरक आहे. स्वतःला विचारायचा प्रश्नही एकच: स्वल्पविरामानंतरचं नाम ते काम करतं का, की त्याच्यावर ते काम होतं? करत असेल तर ‘-इंग’, होत असेल तर ‘सीन’, ‘मेड’, ‘फॉर्म्ड’ असं रूप. दोन्ही नसेल तर तुकडा मोडून पूर्ण वाक्य करा: ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग, अ डॉग बिट मी.’

‘उठून, आवरून, डबा घेऊन स्टेशन गाठलं’ या मराठी साखळीसाठी ‘हॅविंग गॉट अप, हॅविंग टेकन’ अशी रांग लावू नये. इंग्रजीत बरोबरीची साधी क्रियापदं ओळीने ठेवतात: ‘गॉट अप, टुक द टिफिन अँड वेंट टू द स्टेशन.’ अशा रांगेतला स्वल्पविराम आपल्या हिशेबात जोडणाऱ्या शब्दाच्या जागी धरायचा. रांगेतली सगळी रूपं मात्र एकाच घाटाची हवीत. दोन भूतकाळी आणि तिसरं ‘-इंग’ असं झालं की वाक्य लंगडतं.

इथपर्यंत वाक्य सुटंसुटं दुरुस्त झालं. परिच्छेद अजून झालेला नाही. वाक्यं एकामागे एक का आली आहेत हे वाचणाऱ्याला जाणवावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक वाक्याची सुरुवात आणि शेवट यांच्याकडे बघायचं.

मराठीत ज्यावर भर द्यायचा ते क्रियापदाच्या अगदी आधी येतं. ‘क्षारांमुळे सरोवराचं पाणी गुलाबी झालं’ हे काय झालं ते सांगतं. ‘सरोवराचं पाणी क्षारांमुळे गुलाबी झालं’ म्हटलं की भर कारणाकडे सरकतो. इंग्रजीत भराची जागा वाक्याच्या शेवटी आहे. पहिल्यासाठी ‘बिकॉज ऑफ द सॉल्ट, द वॉटर टर्न्ड पिंक’, दुसऱ्यासाठी ‘द वॉटर टर्न्ड पिंक बिकॉज ऑफ द सॉल्ट’. म्हणून मराठीत विचार आला तर तो मोडू नका, फक्त मराठी वाक्यात भर कशावर पडला ते ओळखा आणि ते इंग्रजी वाक्याच्या टोकाला न्या.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट: वाक्याच्या सुरुवातीला वाचणाऱ्याला आधीच माहीत झालेलं काहीतरी ठेवायचं, नवी माहिती शेवटाकडे. एका वाक्याच्या शेवटी ‘सॉल्टिअर’ आलं की पुढचं ‘द सॉल्ट’ने सुरू करता येतं. त्या वाक्याच्या शेवटी सूक्ष्मजीव आले की पुढचं ‘देअर नंबर्स’ने. शाळेत नुसतं रूपांतर म्हणून गिरवलेल्या पॅसिव्हचा खरा उपयोग इथे कळतो. आधीचं वाक्य सरोवराबद्दल असेल आणि पुढचंही सरोवरापासूनच सुरू करायचं असेल, तर ‘अ मीटिओराइट फॉर्म्ड द लेक’पेक्षा ‘द लेक वॉज फॉर्म्ड बाय अ मीटिओराइट’ बरं. एरवी पॅसिव्ह टाळलेला बरा. ‘बिकॉज’ ठेवायचा की ‘सो’ या मघाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. पुढचं वाक्य कारणाबद्दल असेल तर कारण शेवटी यावं, म्हणजे ‘बिकॉज’ ठेवावा. पुढे परिणामाबद्दल बोलायचं असेल तर ‘सो’.

हे साधलं की ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन ॲडिशन’ यांची गरज आपोआप कमी होते. परदेशी शिकायला जाणारे आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देतात, तिच्या लेखनात गुणांचा चौथा हिस्सा सुसंगती आणि सांधेजोडीला असतो. क्लासमध्ये त्याचा अर्थ ‘जोडशब्द भरपूर वापरा’ असा सांगितला गेला की निबंधातलं प्रत्येक वाक्य अशा शब्दाने सुरू होतं. परीक्षकांच्या मापदंडात जोडशब्दांचा अतिवापर हा दोष म्हणून नोंदलेला आहे. जिथे विचार खरोखर वळतो तिथे एक ‘हाउएव्हर’ पुरेसा.

आता पहिल्या वाक्याकडे. ‘लोणार इज व्हेरी फेमस लेक’ या वाक्याने पुढे काय येणार ते कळत नाही. त्याच्याखाली भूगोल, इतिहास, मंदिरं, पर्यटन, काहीही येऊ शकतं, आणि मसुद्यात तसंच झालं आहे. टॉपिक सेंटेन्समध्ये, म्हणजे परिच्छेदाचा विषय मांडणाऱ्या वाक्यात, विषय तर हवाच, शिवाय त्या विषयाबद्दल काय सांगणार तेही हवं. लिहायला बसण्याआधी मराठीत एका ओळीत उत्तर काढावं: हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो? इथे प्रश्न ठरवू, 2020 साली लोणारचं पाणी गुलाबी का झालं. ठरवल्याबरोबर वाटीसारखं दिसणारं वाक्य निघून जातं, कितीही बरोबर केलं असलं तरी. ‘वी शुड सेव्ह अवर लेक्स’ही जातं. शेवटी उपदेशाचं एक वाक्य टाकण्याची सवय शालेय निबंधांतून आलेली आहे. त्याने परिच्छेदाचं वजन वाढत नाही, आणि वर मांडलेल्या माहितीतून ते निघतही नाही.

प्रश्न पक्का झाल्यावर माहितीतली एक चूकही वर येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा गुलाबी रंगामागे सापडले ते अतिशय खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया. ते सूक्ष्मजीव आहेत, पण बॅक्टेरिया नव्हेत. वाक्य नेमकं बांधायला गेलं की शब्द नेमका लागतो, आणि तेव्हा पुन्हा माहितीकडे जाऊन खात्री करावी लागते. हा वेळ धरूनच चालावं.

दुरुस्त झालेला परिच्छेद असा:

“इन जून 2020, द वॉटर ऑफ लोणार लेक टर्न्ड पिंक, अँड द कॉज वॉज सॉल्ट. द लेक लाइज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट, इन अ क्रेटर दॅट वॉज फॉर्म्ड व्हेन अ मीटिओराइट स्ट्रक द बसॉल्ट ऑफ द डेक्कन. इट्स वॉटर इज बोथ सॉल्टी अँड अल्कलाइन. बाय दॅट जून, हीट अँड इव्हॅपोरेशन हॅड लोअर्ड द वॉटर लेव्हल अँड मेड द लेक इव्हन सॉल्टिअर. द सॉल्ट सूटेड वन ग्रुप ऑफ मायक्रोब्ज, द हॅलोआर्किया, व्हिच प्रोड्यूस अ पिंक पिगमेंट. देअर नंबर्स ग्र्यू, अँड द कलर स्प्रेड. व्हेन द मान्सून डायल्यूटेड द वॉटर, द पिंक फेडेड.”

हिशेब लावून पाहा. पहिल्या वाक्यात दोन क्रियापदं, एक ‘अँड’. दुसऱ्यात ‘लाइज’, ‘वॉज फॉर्म्ड’, ‘स्ट्रक’ अशी तीन, जोडणारे ‘दॅट’ आणि ‘व्हेन’. चौथ्यात पहिला ‘अँड’ दोन नामं जोडतो म्हणून धरायचा नाही, दुसरा धरायचा. वाक्यांची लांबीही बघण्यासारखी आहे. वीस-पंचवीस शब्दांच्या दुसऱ्या वाक्यानंतर सात शब्दांचं तिसरं येतं, आणि वाचणाऱ्याला श्वास मिळतो. शेवटी पुन्हा लहान वाक्यं आहेत, कारण रंग पसरला आणि ओसरला या घटना झपाट्याने सांगायच्या आहेत. मोठी वाक्यं लिहिली तरच इंग्रजी चांगली वाटते हा गैरसमज फार नुकसान करतो. सरासरी पंधरा ते वीस शब्द ठेवा आणि मधेच एखादं आठ शब्दांच्या आतलं येऊ द्या.

काळाबद्दल थोडक्यात. मसुद्यातलं ‘हॅज फॉर्म्ड’ गेलं, कारण घटना भूतकाळात संपलेली आहे. मराठीतल्या ‘झालेलं आहे’साठी हात सहज ‘हॅज’कडे जातो. ‘सिन्स’ नसलेल्या ज्या वाक्यात साल, महिना किंवा ‘अगो’ आहे त्यात ‘हॅज’ आणि ‘हॅव’ लिहायचे नाहीत, एवढं पाळलं तरी बरीच दुरुस्ती होते. ‘बाय दॅट जून’बरोबर ‘हॅड लोअर्ड’ आलं आहे, कारण पाणी रंग बदलण्याच्या आधी घटलं होतं. ‘अ’ आणि ‘द’ यांच्या मागे पहिल्या खर्ड्यात लागू नका. पहिल्यांदा ओळख करून देताना ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’, एवढं लक्षात ठेवून ते शेवटच्या फेरीत बघावं. वरच्या परिच्छेदात उल्का आली तेव्हा ‘अ मीटिओराइट’ आहे. तिच्याबद्दल आणखी एक वाक्य असतं तर तिथे ‘द मीटिओराइट’ आला असता.

तपासण्याची शेवटची फेरी खालून वर करावी. शेवटचं वाक्य आधी वाचा, मग त्याच्या वरचं. वरून खाली वाचताना डोकं अर्थ पुरवत जातं आणि तुटलेलं वाक्यही जोडून घेतं. उलट वाचलं की प्रत्येक वाक्याला एकटं उभं राहावं लागतं, आणि कर्ता नसलेलं किंवा नुसतं ‘बिकॉज’ने सुरू होऊन तिथेच संपलेलं वाक्य उघडं पडतं. त्यानंतर एकदा सरळ, मोठ्याने. जिथे जीभ अडते तिथे बहुधा कर्ता आणि क्रियापद दुरावलेले असतात.

घरी हे सगळं निवांत करता येतं. परीक्षेत घड्याळ असतं. आयईएल्ट्सच्या दुसऱ्या लेखनप्रश्नाला किमान 250 शब्द लागतात आणि साधारण 40 मिनिटं मिळतात. त्यातली शेवटची पाच मिनिटं लिहिण्यासाठी वापरू नका. आधी फक्त स्वल्पविराम तपासा. ज्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे आणि जोडणारा शब्द नाही, तिथे पूर्णविराम करा आणि पुढचं अक्षर कॅपिटल करा. त्यानंतर ‘बिकॉज’, ‘दो’ आणि ‘ऑलदो’ने सुरू होणारी वाक्यं बघा, मधे ‘सो’ किंवा ‘बट’ असेल तर खोडा. मग ‘-इंग’ने सुरू होणारी. वेळ उरलाच तर ‘ऑफ’ आणि ‘इन’नंतरचा भाग झाकून वचनं तपासा. ‘अ’ आणि ‘द’ सगळ्यात शेवटी. ते चुकले तरी अर्थ सहसा पोहोचतो, वाक्याची बांधणी चुकली तर तो पोहोचत नाही.